मी आणि ही

“पाल म्हणजे... भिंतीवर असते ती पाल?” एजंटानं हातातली किल्ली पुन्हा खिशात टाकली.

“भिंतीवर नाही चढत ही. हिच्या पायांना ते चिकटणारं काही नसतं. काचेच्या पेटीत असते. वीतभर आहे, ठिपक्यांची.”

“अहो, लोक पाल दिसली की झाडू घेऊन धावतात आणि तुम्ही तिच्यासाठी खोली बघताय! यापुढे एक करा. मालकाला फोन कराल तेव्हा पालीचं नावही काढू नका. एकदा राहायला गेलात की बघता येईल.”

ही सहावी खोली होती. आधीच्या पाच ठिकाणी एकानं फोन ठेवला होता, एकीनं हात जोडले होते आणि एका सज्जन गृहस्थानं “कुत्रा असता तर विचार केला असता” असं सांगून कुत्र्याचीही ब्याद टाळली होती.

पालीसाठी खोली शोधणाऱ्या या गृहस्थांना सगळे फ्रिजवालेच म्हणत. वय त्रेपन्न, लग्न झालेलं नाही. आधी आईचं आजारपण, मग बहिणीचं लग्न, आणि त्यानंतर विचारणारंच कोणी उरलं नाही. अकरा वर्षांपूर्वी पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात ते फ्रिज दुरुस्त करायला गेले होते. दुकान बंद होत होतं. सगळे प्राणी गेले होते, शेपूट वाकडी म्हणून एक पाल तेवढी राहिली होती. ती त्यांनी घरी आणली. दिवसभर लोकांच्या वस्तू गार ठेवायच्या आणि घरी येऊन एका जिवाला ऊब द्यायची, असा उफराटा संसार सुरू झाला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. घरात जीव दोनच, त्यामुळे ‘ही’ म्हटलं की भागायचं. हिला आज भूक नाही, हिनं कात टाकली. फोनवर ताई हसायची, “अरे, ही ही काय करतोस? बायको आहे का ती?” फ्रिजवालेही हसायचे.

आता त्यांची इमारत पाडणार होते. महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. ताईनं आधीच सांगून टाकलं होतं, “माझ्याकडे आणू नकोस बाबा, सूनबाई घर सोडून जाईल. ती प्राणी सांभाळणारी संस्था घेते म्हणते ना, देऊन टाक.” फ्रिजवाले संस्थेत जाऊन आले होते. तिथं चौदा काचेच्या पेट्यांची रांग होती, ही पंधरावी झाली असती. चिमट्यानं किडा भरवल्याशिवाय ही तोंड उघडत नाही, हे तिथं कोण लक्षात ठेवणार? ते मान हलवून परत आले आणि त्यांनी सातव्या खोलीचा फोन लावला.

खोली एका निवृत्त नर्सबाईंची होती. त्या खाली राहायच्या, वरची खोली द्यायची होती.

“कोण कोण राहणार?” सिस्टरनी विचारलं.

“मी आणि ही,” फ्रिजवाले म्हणाले. त्यात काही कावा नव्हता. रोजचंच तोंडातलं होतं ते.

“ही कामाला जाते का?”

“नाही, दिवसभर घरीच असते.”

“बरं झालं. दिवसभर घरात कोणी असलं की मलाही बरं.”

आता फ्रिजवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात सिस्टरच म्हणाल्या, “बडबडी असली तरी चालेल हं मला.”

“नाही हो, अगदी अबोल आहे. फक्त थंडी सोसत नाही.”

“अशक्त आहे का?”

“अं... खाणं बेताचंच आहे.”

“येऊ दे तिला. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. बघते मी तिच्याकडे.”

त्या ‘बघते मी’पुढे फ्रिजवाल्यांचं धाडस संपलं. खरं बोलायची ती वेळ होती, आणि त्यांनी ती जाऊ दिली. त्यांना खोली हवी होती. दुसऱ्या कोणाला दोष द्यायला जागा नाही.

पेटी आली ती छोट्या फ्रिजच्या खोक्यातून. “आणि ही?” सिस्टर जिन्याशी उभ्या होत्या.

“भावाकडे गेली आहे. येईल पंधरा दिवसांत.”

पंधराचे तीस झाले. सिस्टरनी वरच्या खिडकीला जाड पडदा शिवून लावला, वारा यायला नको म्हणून. व्हरांड्यात दुसरी खुर्ची आणून ठेवली. फ्रिजवाले कामावरून आले की त्या विचारायच्या, “काय म्हणते ही? आज खाल्लं का?” आणि फ्रिजवाले अगदी खरं सांगायचे, “आज दोन घास खाल्ले.” सिस्टरना तेवढ्यानंही बरं वाटायचं. कधी कधी त्या आपल्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या आणि मध्येच थांबायच्या. “जाऊ दे, ही आली की पहिल्यापासून सांगेन. तुम्हाला काय कळणार.” वर आल्यावर फ्रिजवाले पेटीवरची चादर काढायचे, दिवा नीट करायचे आणि पालीला म्हणायचे, “तुझी फार चौकशी असते गं खाली.” म्हणताना त्यांना स्वतःची लाज वाटायची. पण इतक्या वर्षांत त्यांच्या घरचं कोणी विचारलं नव्हतं, आणि रोज विचारलं जावं असंही त्यांना वाटायचं.

एका रविवारी ते अंगणात जुना पंखा उघडून बसले होते. सिस्टर जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“रक्त तपासलं का हिचं? हिमोग्लोबिन किती आहे?”

फ्रिजवाल्यांना आयुष्यात आकडे माहीत होते ते थंडाव्याचे. फ्रिजच्या आत चार दाखवलं की यंत्र ठणठणीत, खुशाल घरी जावं. तोच आकडा तोंडून गेला.

“चार.”

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. “चार? चार असताना तुम्ही इथं पंख्याचे नट पिळताय?”

“चार म्हणजे... बरोबर नसतं का?”

सिस्टर उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. फ्रिजवाले पंखा तसाच टाकून वर खोलीत आले. पंधरा मिनिटांत त्या साडी बदलून, हातात पिशवी घेऊन जिना चढून वर आल्या. दम लागला होता. “डॉक्टरांशी बोलले मी. रक्त चढवावं लागेल. गाडी सांगितली आहे. भावाचा पत्ता द्या, आत्ताच्या आत्ता तिला आणायचं.”

फ्रिजवाले हातावरचं वंगण पुसत उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीवरची चादर काढली.

दिव्याखाली पाल डोळे मिटून पडली होती. चादर सरकली तसे तिनं डोळे उघडले.

सिस्टर वाकून बघत राहिल्या. “हीच?”

“हीच.”

“म्हणजे भावाकडे कोणी नाही.”

“भाऊच नाही, सिस्टर.”

“आणि आजारी?”

“कोणी नाही.”

सिस्टर पलंगावर बसल्या. “हुश्श,” त्या म्हणाल्या, “मला वाटलं, बाई हातची जाते.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. फ्रिजवाल्यांना वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण सिस्टरनी पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिचे बंद चाचपले.

“म्हणजे येणारच नव्हतं कोणी,” त्या म्हणाल्या.

त्या जिना उतरून गेल्या. फ्रिजवाल्यांनी दुपारीच सामान बांधायला काढलं. पेटी कुठं न्यायची ते ठरत नव्हतं, पण इथं राहायला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर निघाले तेव्हा सिस्टर खाली उभ्या होत्या.

“खोली सोडायचं कारण नाही,” त्या म्हणाल्या. “पालीचं मला काही वाटत नाही. वॉर्डात यापेक्षा भयंकर बघितलं आहे.”

“सिस्टर, माझं चुकलं...”

“चुकलंच. ते मी धरून बसणार नाही. पण तिला ‘ही’ म्हणू नका. निदान या घरात तरी नको.” त्यांचा आवाज जरा चढला. “आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. मलाही घर खायला उठतं. पण मी मांजर पाळून त्याला ‘हे’ म्हटलं नाही.”

फ्रिजवाल्यांनी मान खाली घातली. “नाही म्हणणार.”

ते त्यांनी पाळलं. खोली राहिली, पालही राहिली. संध्याकाळी ते चिमट्यानं किडा भरवायचे, पाणी बदलायचे, पण आता काही बोलायचं म्हटलं की वाक्याची सुरुवातच सापडत नसे. दुसरं एखादं नाव द्यावं म्हणून त्यांनी दोन-तीन नावं पुटपुटून पाहिली. ती कोणा परक्याला हाक मारल्यासारखी वाटली. मग ते नुसतेच पेटीसमोर बसू लागले.

पुढच्या आठवड्यात ते एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी फ्रिजमागे गुडघ्यांवर बसून काम करत होते. बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या होत्या. एकट्या माणसाला घरात मिस्त्री आला की बोलावंसं वाटतं.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

मोटर घरघरत होती. फ्रिजवाल्यांनी तोंडात धरलेला स्क्रू काढून हातात घेतला.

“एकटाच असतो,” ते म्हणाले.

बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि पुन्हा विचारलं. म्हणून त्यांना ते परत एकदा, जरा मोठ्यानं सांगावं लागलं.