मानेखालचा हात

"मान धर गं, आधी मान धर त्याची. बाकीचं पोर आपोआप हातात येतं."

धाकटा भाऊ पहिल्यांदा मांडीवर दिला, तेव्हाचा मावशीचा हा आवाज. आज वकिलातीच्या खिडकीपाशी, अजून मान न धरलेलं स्वतःचं पोर खांद्यावर घेऊन उभी असताना तिला तो पुन्हा ऐकू आला. कारण काचेपलीकडच्या बाईंनी फोटो तिसऱ्यांदा परत सरकवला होता.

"ताई, हात दिसतोय. कानामागे बघा, अंगठा आहे. बाळाच्या फोटोत दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा चालत नाही."

पोर जन्मलं नवऱ्याच्या देशात. तिच्या देशाचा नागरिक म्हणून त्याची नोंद झाली, तर पासपोर्ट. पासपोर्ट आला, तर महिनाअखेरचं विमान. नोंदीला दोघांची सही हवी, म्हणून नवरा शेजारी उभा होता. नवरा फोटोग्राफर. निम्मं गाव त्याच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढतं आणि कुणाचा कधी परत येत नाही.

"वा रे कलाकार," ती दातओठ खात, पण हळू म्हणाली. "परक्यांची पोरं साफ येतात. आपल्याच पोराला नेमका अंगठा?"

"हलतो तो."

"झोपला होता. डोळे उघडावेत म्हणून तूच चुटक्या वाजवत होतास."

"मग ने दुसरीकडे. जमतंय ना सगळं एकटीला."

"नेतेच. खाली चौकात दुकान आहे. तुझ्यापेक्षा बरा हात असेल त्याचा."

ती वळली, तशी बाकावरची माणसं आपापल्या कागदांत तोंड खुपसून कान टवकारून बसली. त्यानं तिला अडवलं नाही. खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो. पांढऱ्याशुभ्र कापडावर एकटं पोर, डोळे टक्क उघडे, मागे ना अंगठा ना सावली.

"पहिल्याच दिवशी काढला होता," तो म्हणाला. "देववेना."

"बाळंतिणीच्या ओल्या अंगानं खेपा घातल्या मी इथे. लाज नाही वाटली?"

"वाटली. घ्या बाई." फोटो खिडकीत सरकवून त्यानं पेन उचललं, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन महिने आईकडे, मग परत. असंच म्हणालीस ना? तेवढं पुन्हा सांग, करतो सही."

हो म्हटलं की सुटली असती. हो तर ती म्हणतच आली होती, भाजी चिरताना, दुपटी वाळत घालताना, पाठ फिरवून. पेनाचं टोक कागदाला टेकलं. एवढ्यात खांद्यावरचं पोर कलंडलं, तसे दोन हात एकदम त्याच्या मानेखाली गेले. खालचा हात नवऱ्याचा होता, डावा.

"थांब," ती म्हणाली. "परतीचं तिकीट काढलेलं नाही मी. काढणारही नाही."