टाकीत काय होतं

वहिनींची व्हॅन बंद पडायला नेमकी अडचणीची जागा शोधायची. पुलाकडे जाणारा चढ, मागे गाड्यांची रांग, आत हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि अशा वेळी गाडीची ओढ कमी व्हायची. मग ती दोन-तीन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. वहिनी हँडब्रेक ओढून बसून राहायच्या. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून कंटाळायचे आणि बाजूने निघून जायचे. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात सुरू. जसं काही मधे घडलंच नव्हतं.

आणि हेही रोजचं नव्हे. आठवडाभर गाडी गुणी मुलीसारखी चालायची, मग एकाच दिवशी दोनदा रुसायची.

मिस्त्रीकडे नेली की मात्र तिला काहीच होत नसे. मिस्त्रीने फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, वायरी तपासल्या, स्वतः चालवून आणली. "वहिनी, गाडी ठणठणीत आहे."

"तुमच्याकडे ठणठणीत असते. माझ्या हातात कशी मरते मग?"

"क्लच दाबून धरत असाल."

नवरा घर सोडून गेल्यापासून लाँड्री त्याच चालवत होत्या आणि व्हॅनही. क्लच कसा दाबायचा हे कुणी सांगावं अशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. हा मिस्त्री काही सांगत नाही, म्हणजे मुद्दाम काहीतरी शिल्लक ठेवतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढच्या खेपेला त्या गॅरेजमध्ये स्टूल मागवून त्याच्या हाताशीच बसल्या. तो कुठला नट सैल करतो, कुठला पुन्हा आवळतो, सगळं पाहिलं. मिस्त्री बिचारा घामाघूम झाला, पण लबाडी काही दिसली नाही.

मग संशय घराकडे वळला.

घरात दीर होते. भाऊजी लाँड्रीतली मशीनं बघायचे आणि गेले काही महिने एकच पालुपद लावून होते. "वहिनी, ही गाडी काढून टाकू. म्हातारी झाली. एखाद्या दिवशी भर रस्त्यात दगा देईल." वहिनी म्हणायच्या, बघू. गाडी दगा द्यायला लागली ती त्यानंतरच. आधी त्यांना यात काही वाटलं नव्हतं. पण एका सकाळी त्या व्हॅनमध्ये बसल्या आणि पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीट मागे सरकलेली होती. आरसाही वर झाला होता, त्यात त्यांना मागच्या रस्त्याऐवजी छत दिसत होतं.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. भाऊजी त्यांच्यापेक्षा हातभर उंच होते.

"भाऊजी, काल गाडीला हात लावला होता का?"

"मी? नाही बुवा. का?"

"सहज विचारलं."

भाऊजी उत्तर देताना मशीनकडे बघत होते, आणि मशीन तर बंद होतं. वहिनींनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि त्या खेपेला निघाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी डोळ्यांत तेल घातलं. भाऊजी जेवताना कमी बोलतात. फोन आला की अंगणात जातात. इस्त्रीच्या खोलीत, मोडक्या स्टँडच्या मागे, एक डिझेलचा कॅन आहे. लाँड्रीत डिझेलवर चालणारं एकही यंत्र नाही. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर काहीच नव्हती. एकत्र घेतली की वहिनींना झोप लागेना. गाडीत काहीतरी कालवून ती निकामी करायची, मग विकायला लावायची, मग हळूहळू धंदाही हातात घ्यायचा, असा सगळा आराखडा त्यांनी मनातल्या मनात भाऊजींच्या वतीने तयार केला.

विचारलं तर नाही म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून त्यांनी ठरवलं की आधी गाडीकडूनच वदवून घ्यायचं.

त्या मिस्त्रीकडे गेल्या, पण या वेळी गाडी न घेता. "मला एवढंच सांगा, ती बंद पडते तेव्हा मी काय बघू? तुमच्यासमोर ती पडत नाही, माझ्यासमोर पडते. म्हणजे बघायचं मलाच."

मिस्त्रीला हे पटलं. "कशी बंद होते? बटण दाबल्यासारखी फटकन?"

"नाही. घशात घास अडकल्यासारखी. आधी धडपडते."

"मग वायर नाही. डिझेल पोचत नाहीये." त्याने बॉनेटखालचा एक रबरी फुगा दाखवला. "बंद पडली की लगेच उतरायचं आणि हा दाबायचा. दाबून सोडल्यावर पुन्हा फुगला तर मागून डिझेल येतंय, दोष पुढे इंजिनाकडे. चेपलेलाच राहिला तर मागे कुठेतरी तुंबलंय."

मग वहिनी गाडी बंद पडायची वाट बघू लागल्या. अर्थात, वाट बघितली तशी गाडी बंद पडेना. हॉस्पिटलच्या खेपा झाल्या, हॉटेलच्या झाल्या, चढावरून तर ती गुणगुणत गेली. शेवटी एका दुपारी भाजीबाजाराच्या तोंडाशी तिने आचके दिले, तेव्हा वहिनींना चक्क आनंद झाला. मागे टेम्पोवाला ओरडत होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उतरल्या, बॉनेट उघडलं, फुगा दाबला.

फुगा चेपला तो चेपलेलाच राहिला. वाळलेल्या लिंबासारखा.

त्यांनी हात बाजूला घेतला आणि बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने, कुणी आतून श्वास सोडावा तसा तो फुगा हलके हलके गोल झाला. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू.

तिथून त्या थेट गॅरेजला गेल्या. "टाकी उतरवा."

"वहिनी, दिवसभराचं काम आहे. आधी नळी फुंकून—"

"नळीत कचरा असता तर तो तिथेच राहिला असता. हे जे आहे ते येतं, तोंडावर बसतं, आणि इंजिन बंद झालं की सुटून जातं. टाकीत काहीतरी तरंगतंय. टाकी उतरवा."

मिस्त्री जॅक आणायला गेला.

डिझेल बादल्यांत काढून घेतल्यावर त्याने आत बॅटरी मारली आणि वाकड्या तारेने ढवळलं. तारेला एक पातळ प्लास्टिकचा तुकडा लटकून आला. तळहाताएवढा, पारदर्शक. मधोमध गोल वळ उमटलेला होता, आणि त्या वळावर झाकणाच्या आट्यांच्या रेघा.

"हे कॅनच्या झाकणाखाली लावतात, गळू नये म्हणून," मिस्त्री म्हणाला. "ओतताना आत पडलं असणार. तुमच्या टाकीच्या तोंडाची जाळी तर कधीच गेलीय. पण पंपावर कुणी कॅनने भरत नाही. घरी भरता का तुम्ही?"

"मी नाही भरत," वहिनी म्हणाल्या. तुकडा त्यांनी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

घरी आल्यावर त्या सरळ इस्त्रीच्या खोलीत गेल्या. मोडक्या स्टँडमागचा कॅन पुढे ओढला आणि भाऊजींना हाक मारली. भाऊजी आले. वहिनींनी कॅनवर तो तुकडा ठेवला.

"हे टाकीतून निघालं. आता नाही बुवा म्हणू नका."

भाऊजींचा चेहरा पडला. ते इस्त्रीच्या टेबलाला टेकले. "मुद्दाम नाही टाकलं, वहिनी. अंधारात ओतत होतो, घाईत. कधी पडलं कळलंही नाही."

"ओतत कशाला होतात?"

"डिझेलचा काटा खाली गेला असता तर तुम्हाला कळलं असतं, गाडी कुणी वापरली म्हणून."

"आणि नेत कुठे होतात?"

मशीनचा घरघराट मधल्या दारातून येत होता. याच आवाजात दुपारी व्हॅन मागच्या मागे निघून जायची आणि परत यायची, हे वहिनींच्या आत्ता लक्षात आलं.

"दादाला," भाऊजी म्हणाले. "तो परत आलाय. नदीपलीकडे खोली घेऊन राहतो. मूत्रपिंडं गेलीत त्याची. डायलिसिसला न्यावं लागतं. येताना इतका गळून जातो की बसमध्ये चढता येत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाला. मलाही धीर नव्हता. म्हणून म्हणत होतो, ही गाडी काढा. तुमच्याआधी माझ्याच हातात ती रस्त्यात बंद पडायला लागली, त्याला घेऊन. एकदा तर उन्हात आम्ही दोघे बसून होतो, आणि तो मला म्हणत होता, तुझ्या वहिनीला कळेल हं."

वहिनींनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला होता, तो काढला. इतके दिवस त्यांनी भाऊजींच्या डोक्यात काय काय कारस्थानं भरली होती. ती सगळी खोटी निघाली तरी मन हलकं झालं नाही. खोटेपणा तर होताच घरात. नुसता त्याचा पत्ता चुकला होता.

"आजारी आहे हे तरी खरं?" त्यांनी विचारलं.

"वहिनी."

"विचारणार मी. विचारायची पाळी तुम्हीच आणलीत."

भाऊजींनी फोन काढून समोर धरला. हॉस्पिटलच्या खाटेवर एक माणूस डोळे मिटून पडला होता, हाताला नळ्या. केस सगळे पांढरे. वहिनींनी पटकन ओळखलं नाही, आणि ओळखलं नाही याचाच त्यांना धक्का बसला. खाटेवरची चादर मात्र ओळखली. कोपऱ्यावर त्यांच्याच लाँड्रीची निळी खूण होती.

त्यांनी फोन परत दिला.

"कोणत्या दिवशी न्यायचं असतं?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"त्या दिवशी हॉटेलची खेप मी सकाळीच उरकेन. गाडी पुढच्या दाराने न्यायची, मला सांगून. डिझेल पंपावर भरायचं. आणि मी येणार नाही, ते विचारू नका."

मंगळवारी भाऊजी पुढच्या दाराने गाडी घेऊन गेले. वहिनी काउंटरवर होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा आवाज ऐकला. संध्याकाळी भाऊजी परत आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि घुटमळले.

"गाडी कुठे अडली नाही. दादा विचारत होता, दोष कुणाला सापडला."

"काय सांगितलंत?"

"मिस्त्रीला, म्हटलं."

वहिनी टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली.

"शुक्रवारी खरं सांगा," त्या म्हणाल्या, आणि दुसरा टॉवेल उचलला.