डावं मडगार्ड

नखावर मावेल एवढीच रंगाची खपली, पण तिची कड उजेडात धरली की थर मोजता येतात — वर लाल, लालखाली करडी पुट्टी, मग हिरवा, आणि हिरव्याखाली हे गुलाबी... हे गुलाबी इथं कसं?

लाल तिला पाठ आहे. करडीही पाठ आहे. करडी तिच्याच नावाची, तिनं पाडलेला खड्डा बुजवायला भरलेली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, ती या दोन माणसांपुरत्या बुटक्या स्पोर्ट्‌स गाडीत खेळायला शिरली आणि मोठ्या माणसांसारखा हँडब्रेक खाली केला — तशी गाडी घरच्या उतारावरून निघाली, कशी, तर माहेरवाशीण निघावी तशी हळूच, मागं बघत बघत, आणि डावं मडगार्ड फाटकाच्या खांबाला जाऊन टेकलं. आवाज फार झाला नव्हता. बाबा धावत आले आणि त्यांनी डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवला. या घरात गाडी तशीच तपासायची. आजोबा दर रविवारी गाडी धुऊन झाली की डोळे मिटून तिच्या अंगभर हात फिरवायचे. डोळा फसतो, तळवा फसत नाही, म्हणायचे. बाबांचा तळवा एका जागी थांबला. ते ओरडले नाहीत. पण पुढचे चार महिने तिच्याशी बोलले नाहीत, आणि गाडीची किल्ली वरच्या खिळ्यावर गेली ती गेलीच.

न बोलणाऱ्या बापाच्या घरात पोर कशी वाढते... भिंतीच्या कडेकडेनं वाढते, कपबशी दोन्ही हातांनी धरते, दार लावताना श्वास धरते. पुढं बाबा बोलायला लागले, नाही असं नाही, पण मग थट्टाच सुरू झाली — ‘ही आमची ब्रेकसोडी.’ आल्यागेल्याला सांगायचे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगितलं, ‘हिला सगळं येतं, फक्त हिच्या हातात उतार देऊ नका.’ सगळे हसले. तीही हसली. मात्र जन्मात कधी स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही.

दादाला ही गाडी नको होती. त्याला सामान मावेल अशी गाडी लागते. तेव्हा, मी करते नीट, असं ती म्हणाली. दोन वर्षं झाली. सीटचं चामडं तिनं स्वतः शिवलं, बोटांना भोकं पडेस्तोवर. चाकांचे आरे एकेक करून घासले. लोक म्हणाले, केवढं प्रेम. प्रेम कसलं... केलेलं निस्तरत होते मी.

“ताई, इकडं या जरा.” डेंटिंगचे मिस्त्री एरवी दिवसाला दहा शब्द बोलतात. मडगार्डाचा पत्रा त्यांनी आता उघडा केला होता. “खड्डा बघा, गुलाबी पुट्टीच्या खाली आहे. आणि वरचा हिरवा कंपनीचा नाही, कुणीतरी हातानं मिसळलाय. निळ्याकडं गेलाय थोडा.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी तुमच्या आधीच ठोकलेली. तुमच्या धक्क्यानं ती जुनी पुट्टी तडकली, बस. पत्रा तुम्ही नाही वाकवलात.” त्यांनी कौतुकानं मान हलवली. “भरणाऱ्याचा हात मात्र सोन्याचा हो.”

मी नाही वाकवला. हलकं वाटायला हवं ना? पण तिला वाटलं, कुणीतरी पायाखालची पायरीच काढून नेली.

बाबा गॅरेजच्या दाराशी खुर्चीत बसले होते, रोज बसतात तसे. तिनं त्यांना उठवलं, दंडाला धरून चार पावलं आणलं आणि त्यांचा तळवा उघड्या पत्र्यावर ठेवला. त्यांचे डोळे सवयीनं मिटले. मग ओठ हलले. ते हसत होते.

“हा माझा,” बाबा म्हणाले. “बावीस वर्षांचा होतो. न विचारता नेली होती, येताना तोच खांब लागला. आजोबा बाहेरगावी होते. चार दिवस पॉलिश पेपरनं घासत होतो. रविवारी त्यांनी हात फिरवला—” त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांत एक वांड पोरगा उभा होता. “कळलं नाही त्यांना. मरेपर्यंत कळलं नाही.”

“आणि मी सोडली तेव्हा? आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं की. पण आजोबा मागंच उभे होते ना.”

“म्हणून सगळा दोष माझ्यावर जाऊ दिलात.”

“अगं, तू लहान होतीस,” बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. “लहानांचं कोण मनावर घेतं?”

चार महिने... तो राग नव्हताच तर. भीती होती. तोंड उघडलं तर आपल्याच तोंडून निसटेल, ही भीती. आणि त्या भीतीला राग समजून मी अख्खी मुलगी घडवली, मग बायको, मग आई — सगळ्या दबक्या पावलांच्या. आता त्या बायांना सांगायचं तरी काय? जा, मोकळ्या आहात तुम्ही? जातील कुठं त्या, या वयात?

“ठोकून काढू की पुन्हा भरू?” मिस्त्रींनी विचारलं.

“राहू दे आज.”

बाबा खुर्चीत परतले होते. पाय पसरून, मनावरचं काहीतरी उतरल्यासारखे, प्रसन्न. “गाडी झाली की मला एक चक्कर मारून आणशील ना, ब्रेकसोडे?”

“आणीन की,” ती म्हणाली.

बाबा खुश होऊन मान डोलवत राहिले. एवढं खोटं एवढ्या गोड आवाजात तिला आजवर कधी जमलं नव्हतं. तिनं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, सावकाश, चव घेत... आणि बाबांसारखंच आपल्यालाही ते आवडतंय हे लक्षात येताच तिचे कान तापले.