एप्रिलचा लाल, सप्टेंबरचा लाल

भूगोलाच्या बाई महिनाभर गप्प होत्या, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटलं नसतं. फळा नीट पुसला नाही म्हणून अख्खा मजला डोक्यावर घेणारी ही बाई! पण यंदा त्या मूग गिळून बसल्या होत्या, कारण ब तुकडीला भूगोल शिकवणाऱ्या टायवाल्या सरांनी त्यांचा धडा ढापला होता.

ढापला म्हणजे अगदी दिवसाढवळ्या. बाईंनी सगळी सुट्टी जेवणाच्या टेबलावर त्या धड्यात घातली होती. उपग्रहाने मोजलेला हवेतला कार्बन, महिन्याला एक नकाशा. बारा नकाशे एकापाठोपाठ पळवले की पृथ्वी श्वास घेताना दिसायची. उत्तरेकडच्या रानांना पालवी फुटली की कार्बन उतरायचा, पानं गळून कुजली की पुन्हा चढायचा. लेक चिडवायची, "आई, ताटं मांडू का, की तुझा कार्बन अजून जेवतोय?"

शाळा उघडली आणि सरांनी शिक्षकखोलीतल्या कॉम्प्युटरवरून ते सगळं उचललं, वर स्वतःचं नाव घातलं. बाई जाब विचारायला गेल्या, तर टायची गाठ सारखी करत म्हणाले, "अहो बाई, उपग्रह काय तुमच्या माहेरचा आहे का?" आणि आता याच धड्यावर विभागप्रमुखाची खुर्ची ठरणार होती.

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण जिना उतरताना त्यांना एकदम आठवलं, आणि त्या एकट्याच हसल्या. सरांनी उचलला होता तो पहिला कच्चा खर्डा! त्यात एक घोळ होता. रंगांची पट्टी कॉम्प्युटरने दर महिन्याला नव्याने आखली होती. त्या महिन्याचा सगळ्यात मोठा आकडा कितीही असो, त्याला लाल रंग. त्यामुळे बाराही महिने लाल सारखाच दिसायचा, श्वासबिस काही कळायचा नाही. पट्टीखालचे बारीक आकडे तेवढे बदलायचे, पण ते बघतो कोण? बाईंनी ही चूक आठवड्याभराने घरी दुरुस्त केली होती. शाळेत राहिला तो जुनाच खर्डा.

"शिकव बाबा, पोटभर शिकव," त्या पुटपुटल्या. आणि सर महिनाभर ब तुकडीला छातीठोकपणे शिकवत राहिले की हवेतला कार्बन वर्षभर तेवढाच असतो, झाडांनी काही फरक पडत नाही. त्यावर चाचणीही घेतली.

तपासणीच्या दिवशी अधिकारी मॅडम ब तुकडीत पहिल्या रांगेत बसल्या. सरांनी नवा टाय घातला होता. धडा झाला, टाळ्या झाल्या. मग शाळेच्या रिवाजाप्रमाणे मागे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाने एकेक प्रश्न विचारायचा होता. गणिताच्या सरांनी काहीतरी गुळमुळीत विचारलं. बाईंची पाळी आली. त्या सावकाश उठल्या.

"सर, एप्रिलचा लाल आणि सप्टेंबरचा लाल एकच का हो?"

"म्हणजे काय! लाल तो लाल."

"मग पट्टीखालचे आकडे वाचा ना जरा. मुलांनाही ऐकू दे."

सरांनी एप्रिल लावला. चारशे सव्वीस. सप्टेंबर लावला. चारशे अठरा. मग पुन्हा एप्रिल. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे तयार कुणी केलंय?"

"यांनी!" सरांनी बाईंकडे बोट केलं. "मॅडम, खरं सांगतो, हे सगळं या बाईंनीच बनवलंय. चूक यांची आहे!"

अहाहा! काय गार वाटलं बाईंना! या एका वाक्यासाठी तर महिनाभर दातओठ खात बसल्या होत्या त्या.

"हो, माझंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि चूकही माझीच. मी ती तेव्हाच दुरुस्त केली. सरांनी उचललं ते त्याआधीचं." त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि दुरुस्त नकाशे पडद्यावर लावले. सप्टेंबरला उत्तरेकडचा लाल झरझर उतरला. मुलं "ओऽऽ" करून ओरडली. सर टाय सैल करत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि बाईंनी त्यांच्याकडे मान वळवून मनसोक्त बघून घेतलं. मॅडम वहीत बाईंचं नाव लिहीत होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, मग आम्ही चाचणीत लिहिलं ते सगळं चुकलं?"

"हो गं. पण आता मी शिकवेन ना नीट."

"तुम्हाला कधी कळलं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "महिना झाला," त्या म्हणाल्या.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

अख्ख्या तुकडीचे डोळे बाईंवर होते. बाईंनी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. मुलगी खाली बसली, आणि मघाशी सरांची चोरी उघडी पडल्यावर त्यांच्याकडे बघत होती अगदी तशीच बाईंकडे बघू लागली.