मोहरीच्या पिंपावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्यावर एकच शब्द कोरलेला आहे: दूतावास. तैपेईतल्या एका मोठ्या फाटकावर मी दिमाखात बसले होते. सकाळी शिपाई मला पुसायचा, लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मी चांगलीच शेफारले होते.

मग ज्या बड्या देशाचा तो दूतावास होता, त्याने बीजिंगशी सोयरीक जुळवली आणि आमच्या बेटाशी उघड नाते तोडले. पण व्यापार तर हवा होता, शस्त्रेही विकायची होती. म्हणून त्यांनी कायदा केला: संबंध नाहीत, व्यवहार मात्र सगळे चालू. दूतावासाची 'संस्था' झाली. अधिकाऱ्यांनी कागदोपत्री नोकरी सोडली आणि ते पुन्हा त्याच कामाला बसले. तिथले मुख्य अधिकारी असलेल्या हॅलोरन साहेबांनी सर्वांना कायदा वाचून दाखवला, जुना शब्द उच्चारायची बंदी केली आणि मला पहारीने उचकटले. माझा एक कोपरा उडाला. तो राग अजून गेलेला नाही.

तिथे फोनवर बोंग-ची बसायची. आईबापांना मुलगा हवा होता, म्हणून तिचे नाव ठेवले बोंग-ची, म्हणजे 'झालीच आहे, तर पोसू या'. फोन उचलून "दूतावास, बोला" म्हणायची तिच्या जिभेला सवय. संस्थेतही एकदा तेच तोंडून गेले आणि साहेबांनी तिला त्याच दिवशी घरी बसवले. जाताना तिने अंगणात पडलेल्या मला उचलून नेले.

पुढे तिने नूडल्सचे दुकान काढले. मोहरीचा पाला मिठात मुरवायच्या पिंपावर, लाकडी झाकणाला वजन म्हणून मी बसले. अपमान वाटला, पण मी वाट पाहत राहिले. तीही पाहत होती.

साहेब निवृत्तीच्या वर्षी तिथे जेवायला आले. केस पिकले होते. पाला मागून घेताना त्यांची नजर माझ्यावर पडली आणि डोळे भरून आले.

"बाई, ही पाटी मला द्या. आठवण म्हणून घरी नेतो. आमच्या दूतावासाची आहे."

बोंग-चीने झारा खाली ठेवला. "कुठला दूतावास, साहेब? या गावात तुमचा दूतावास नाही. कायदा तुम्हीच वाचून दाखवलात."

"तेव्हा माझा नाइलाज होता हो."

"असेल. मला तुम्ही याच शब्दावरून काढलं होतं. आता तोच शब्द तुमच्या तोंडून गेला. बसा, नूडल्स खा. आपले संबंध नाहीत, व्यवहार मात्र चालू आहेत."

साहेब खाली मान घालून जेवले. तिने त्यांच्यादेखत मला उलटे केले, अक्षरे खाली, आणि पिंपावर दाबून बसवले. जन्मात पहिल्यांदाच मला तोंड लपवायला आवडले.

मित्रांनो, कुणाची पाटी उतरवायची वेळ आलीच, तर जपून उतरवा, कोपरा उडवू नका. दगडाला विसरता येत नाही.