सतरा नंबरची कॉफी

मित्रांनो, कुणी तुम्हाला फारच जपायला लागलं तर वेळीच सावध व्हा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी कॉफीच्या बिया दळणारा एक जुना ग्राइंडर आहे. विजेवर चालणारा नव्हे, हाताने दांडा फिरवायचा. या जपण्यापायी माझा जीव इतका मेटाकुटीला आला होता की त्यापेक्षा भंगारात गेलो असतो तर बरं, असं मला रोज वाटायचं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात पोलादाची दोन दातेरी चाकं आहेत, एक जागच्या जागी बसलेलं आणि एक फिरणारं. दोघांमधली फट जितकी कमी, तितकी कॉफी बारीक. ही फट कमी-जास्त करायला माझ्या कमरेला आकडे रंगवलेलं एक कडं आहे. ते एक आकडा पुढे सरकलं की ‘खट’ असा आवाज होतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या कड्यापायी झाला. कड्याचा त्यात काहीच दोष नव्हता, दोष माणसांचा होता.

मला विकत घेणारा गृहस्थ चष्मेवाला होता. त्याने दुकानदाराचा अगदी अंत पाहिला. आधी त्याने पात्यांचा विजेचा ग्राइंडर चालवून बघितला. त्यातून निघालेली पूड पांढऱ्या कागदावर पसरली, खिशातून भिंग काढलं आणि म्हणाला, “हे बघा, इथे पीठ आहे आणि इथे चक्क खडी आहे. पिठातून सगळा कडूपणा उतरणार आणि खडीतून काहीच उतरणार नाही.”

“साहेब, तुम्हाला कॉफी प्यायचीय, का तपासायचीय?” दुकानदार वैतागून म्हणाला.

मग त्याने एकेक करत सगळे हातग्राइंडर मागवले. कुणाचा दांडा डुगडुगतो, कुणाचं झाकण सैल, कुणाचं भांडं हातात मावत नाही. शेवटी माझी पूड कागदावर पडली. भिंगातून तो बराच वेळ बघत राहिला आणि “सगळे दाणे एकाच घरचे दिसतायत” म्हणाला. इतका नेमका गौरव माझा नंतर कुणी केला नाही.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि घरी तीन माणसं होती. तो, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. बायको पडदे आणि अभ्रे शिवायची. तिचं मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच होतं. बहीण तलावावर पोहायला शिकवायची. तिचं घरातलं नाव चिमी, पण आवाज असा की या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाचा पोरगा पाण्यातून डोकं वर काढायचा. मी तिच्या भावजयीला वहिनीच म्हणतो, कारण चिमी दिवसभर तेच ओरडत असे.

रोज सकाळी चष्मेवाला माझ्या पोटात मूठभर बिया टाकायचा आणि दांडा फिरवायचा. मग काचेच्या भांड्यावर कागदाची गाळणी लावून तो ती आधी गरम पाण्याने भिजवून घ्यायचा आणि ते पाणी फेकून द्यायचा. गाळणीत पूड, आणि लांब चोचीच्या किटलीतून पाण्याची बारीक धार. पहिलं पाणी जेमतेम पूड भिजण्यापुरतं. पूड फुगून वर आली की तो थांबायचा, तिच्याकडे कौतुकाने बघायचा आणि मग गोल गोल धार धरायचा. पाणी पटकन पळालं तर कॉफी आंबट आणि पांचट होते. पाणी गाळणीत तुंबून बसलं तर कडू होते. तो दोघींपुढे दोन कप धरायचा आणि दुकानात गिऱ्हाइकाला भिंगं बदलून विचारावं तसं विचारायचा, “हे बरं, का हे बरं?”

“दादा, दोन्ही सारखेच लागतायत,” चिमी ओरडायची.

“मुळीच नाही. एक खटचा फरक आहे.”

“अहो, मला शिवायला बसायचंय, काय ते एकदाचं ठरवा,” वहिनी म्हणायची.

पण त्याचं कधीच ठरलं नाही. नवी पुडी फोडली की कडं फिरव, हवा गार झाली की कडं फिरव. माझं कडं सलग दोन दिवस एका आकड्यावर राहिल्याचं मला आठवत नाही. “डोळ्यांचा नंबर बदलतो, तसा बियांचाही बदलतो,” असं तो म्हणे. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, तो वैताग किती सुखाचा होता!

एका सकाळी त्याने कडं सतरावर आणलं. दोघी अजून उठायच्या होत्या. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाला, “छे, बिघडली. उद्या दोन खट जाड करू.” राहिलेली कॉफी त्याने मोरीत ओतली, कप विसळला आणि दुकानात गेला. दुपारी तिथेच त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. घरी परत आला तो फक्त त्याचा डबा.

मित्रांनो, आता माझं दुखणं ऐका. त्या घरात बरेच दिवस कुणी कॉफी केली नाही. मग एका सकाळी वहिनीने मला खाली काढलं, कड्यावरचा आकडा वाचला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सतरा. यांनी लावलेला.” चिमीने लगेच चिकटपट्टी आणली आणि कड्याभोवती दोन वेढे दिले. वहिनीने माझ्यासाठी एक झगा शिवला. त्याला खाली झालर! मी कॉफी दळणारं यंत्र, आणि मला झालर. त्या दिवसापासून मला पुसायचं ते पण हळूच. आणि उघडून साफ करायचं नाव नाही, कारण उघडायचं तर कडं शेवटपर्यंत फिरवावं लागतं.

अरे, पण तो आकडा चुकलेला होता! त्याला स्वतःला तो आवडला नव्हता! हे मी कुणाला सांगू? मला तोंड आहे ते फक्त बिया खायला.

जुन्या बिया संपल्या. चिमीने नव्या आणल्या, त्या निघाल्या जास्त भाजलेल्या, काळ्या आणि तेलकट. सतरावर त्यांचं पीठ पडायचं. गाळणीत पाणी तुंबून राहायचं आणि शेवटी खाली उतरायचा तो काढा. माझ्या दातांत जुनं तेल साचून त्याला खवट वास सुटला होता, तोही त्यात उतरायचा. दोघी समोरासमोर बसायच्या, एकेक घोट घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघून मान हलवायच्या.

“छान झालीय,” वहिनी म्हणायची.

“हो, अगदी दादाच्या हातची,” चिमी म्हणायची.

थापा! त्याने ती कॉफी कुत्र्यालासुद्धा पाजली नसती. चिमी राहिलेली कॉफी थर्मासमध्ये घालून न्यायची आणि थर्मास संध्याकाळी न चुकता रिकामा यायचा. चिमीची पाठ वळली की वहिनी आपला कप मोरीत रिकामा करायची. मी ओट्यावर बसून डोक्याला हात लावला असता, पण मला हात नाही, फक्त दांडा आहे.

कॉफी बिघडली तेवढं मी सहन केलं असतं. पण त्या दोघीच बिघडत चालल्या होत्या. जिचा आवाज अख्ख्या तलावावर घुमतो ती चिमी घरात कुजबुजायला लागली. त्याची खुर्ची हलवायची नाही, त्याच्या खुंटीला दुसरं काही अडकवायचं नाही. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलत की मला ऐकवत नसे. एकदा चिमी स्वयंपाकघरात येऊन मैत्रिणीशी फोनवर बोलली. “तलावाजवळ एक खोली मिळतेय गं. शनिवारी सांगते म्हटलंय. इथे जीव गुदमरतो. पण वहिनीला कसं सांगू? ती एकटी पडेल.” तिने फोन ठेवला आणि डोळे पुसले. मला वाटलं, झालं, आता हे घर मोडलं.

शनिवार उजाडला. चिमीने माझ्यात बिया टाकल्या, दांडा अर्धा फिरवला आणि माझ्या पोटात कचकन काहीतरी अडकलं. बियांतून एक खडा आला होता. मित्रांनो, खडा दातांत अडकला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

“वहिनी, हे अडकलंय.”

“जोर लावू नकोस. तुटेल.”

“उघडावं लागेल.”

वहिनी मशीनवरून उठून आली. “म्हणजे कडं फिरवायचं? मग सतरा जाईल.”

“हो, जाईल.”

दोघी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी वहिनीने मला उचललं. “नको. ठेवून देऊ कपाटात. तुला वाईट वाटेल.”

“मला?” चिमीचा आवाज एकदम चढला. “मला कशाला वाईट वाटेल? मी तुझ्यासाठी गप्प बसलेय!”

“माझ्यासाठी? अगं, तुला ती कॉफी आवडते म्हणून मी रोज...”

“आवडते? शी! मी ती तलावावर गेल्या गेल्या गटारात ओतते.”

“आणि मी इथे मोरीत.”

वहिनी मटकन खुर्चीत बसली, तीही त्याच्याच खुर्चीत. मग तिने दोरा कापायची कात्री घेतली आणि चिकटपट्टी टरकन कापली. चिमीने कडं फिरवलं. खट, खट, खट. कित्येक महिन्यांनी मला श्वास घेता आला. खडा निघाला आणि त्यामागोमाग जो वास सुटला त्याने दोघींनी नाकं दाबली. शिलाई मशीन झाडायच्या ब्रशने वहिनीने माझे दात घासले. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात थांबले नाहीत.

पहिला कप झाला तो आंबट पाणी. चिमीने घोट घेतला आणि तलावावरच्या आवाजात ओरडली, “बारीक कर! तीन खट!”

“तीन कशाला? एक बास.”

“एकाने काय होतंय? तुला कळत नाही!”

“मला कळत नाही? तुझ्यापेक्षा जास्त वर्षं प्यायलेय मी त्यांच्या हातची!”

भांडा गं, भांडा, मी मनात म्हटलं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला पूड नीट फुगली, पाणी सावकाश उतरलं. दोघींनी घोट घेतला आणि कुणीच कप खाली ठेवला नाही. वहिनीने विचारलं, “यांना आवडली असती का गं ही?”

चिमीने खरोखर विचार केला. मग म्हणाली, “छे! दादा म्हणाला असता, बरी आहे, उद्या बदलून बघू.”

वहिनी हसायला लागली, हसता हसता हुंदके द्यायला लागली आणि चिमीने तिला घट्ट धरलं. मग चिमीने फोन लावला आणि खिडकीची काच हादरेल अशा आवाजात सांगितलं, “खोली नको मला. नाही, भाड्याचा प्रश्न नाही. घरी माणूस आहे माझं.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या मागे राहिलेली एखादी वस्तू असेल. घड्याळ असेल, शिट्टी असेल, एखादं यंत्र असेल. माझी हात जोडून, म्हणजे दांडा वाकवून, विनंती आहे. तिला झालरी लावू नका. तिला उघडा, घासा, वापरा, चुकवा आणि पुन्हा नीट करा. मला हल्ली क्षणाची उसंत नाही. एक जाड करते, दुसरी येऊन बारीक करते, आणि दोघी माझ्या डोक्यावर उभं राहून कचाकचा भांडतात. माझ्या कड्यावरचे आकडे पार पुसून गेलेत. सतरा कुठला होता, ते आता मलाही सांगता येणार नाही.