वहीवरची चेष्टा

झाशीला येऊन अनुसूयेला चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात तिच्या हिंदीवर अर्धं शहर हसून झालं होतं. सीपरी बाजारात भाजीवाल्याने वजनात मारलं तेव्हा ती फणकारली, "मेरे को राग आता है." तो म्हणाला, "तो सुना दो, बहूजी." नवऱ्याने, दिवाकरने, ही गंमत रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात सांगितली आणि तिथेही हशा पिकला. खंडेराव गेटच्या आतलं दत्ताचं छोटं देऊळ तेवढं तिला आपलं वाटे. तिथे आरती मराठीत होई, पुजारी विश्वंभरबुवा मराठीत बोलत, आणि तिला कोणी हसत नसे.

एका गुरुवारी दिवाकर एका म्हाताऱ्याला घरी घेऊन आला. कृपाशंकरजी, कानपूरचे निवृत्त हेडमास्तर. तिकिटाच्या खिडकीवर ओळख झालेली. गावोगावची देवस्थानं बघत फिरायचा त्यांना नाद होता. सकाळपासून चर्च, दर्गा, गुरुद्वारा झालं होतं. पाचच्या गाडीआधी मराठी देऊळ बघायचं होतं. "जेवायला वाढ, मग दुपारच्या आरतीला जाताना देऊळ दाखव," एवढं सांगून दिवाकर ड्यूटीवर गेला.

अनुसूयेला हे लक्षण ठीक दिसेना. जेवताना म्हातारा विचारत होता, नैवेद्याला कांदा का नाही, दत्ताला तीन तोंडं का. पिशवीत दर्ग्याचा लाल दोरा, अर्धी जळलेली मेणबत्ती आणि गुरुद्वाऱ्यातला शिरा, सगळं एकत्र. तीन दारांचा पाहुणचार एकाच पिशवीत घेऊन फिरणारा माणूस सरळ असेल कसा? तो हात धुवायला उठला तेव्हा तिने त्याची वही जवळ ओढली. अक्षरं आपलीच, बाळबोध. वर ठसठशीत लिहिलं होतं: 'धर्मों को जानने की एक चेष्टा'.

चेष्टा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उघड उघड लिहून ठेवलंय मेल्याने. माझ्या बोलण्याची चेष्टा करून इथल्या लोकांचं पोट भरलं नाही, आता देवाची.

पाहुण्याला खुणेने रस्ता दाखवून ती गल्लीतून पुढे पळाली. "बुवा, तो आपल्या देवाची चेष्टा करायला येतोय. वहीत लिहिलंय, मी वाचलं." विश्वंभरबुवा मुळात तापट. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि आरती सुरू केली. हेडमास्तरांनी दोनदा दार वाजवलं, मग थांबले. अनुसूयेने फटीतून पाहिलं. जोडे काढून पायरीवर उभा राहून माणूस अजून लिहीतच होता. तिला आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं.

चार वाजता दिवाकर आला आणि सगळं ऐकून पोट धरून हसला. "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

अनुसूयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिथे आपल्याला कोणी हसत नाही, त्या एकाच दारातून आपण माणूस परत पाठवला. तिने प्रसादाचा द्रोण उचलला आणि टांगा करून स्टेशन गाठलं.

गाडी लागली होती. खिडकीशी बसलेल्या हेडमास्तरांपुढे तिने द्रोण धरला आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं: वही मीच वाचली, दार माझ्यामुळे लागलं, आमच्यात या शब्दाचा अर्थ निराळा. ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडली. दत्तमंदिराच्या पानावर दोनच ओळी होत्या: 'द्वार बंद था। भीतर का गाना बहुत मीठा था।'

त्यांनी पेन्सिल काढली. "तो बहूजी, मराठी में चेष्टा किसे कहते हैं?"

तिला हिंदी शब्द काही केल्या सापडेना. गार्डने शिट्टी दिली.

"जो आज मैंने आपकी की," ती म्हणाली.

गाडी हलली तरी ते मान खाली घालून लिहीत होते.